भावाला-बहिणीला परदेशात कायमचं आणायचं असेल तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचं कुणी परदेशात स्थिरावलं की घरच्या फोनवर एक वाक्य हमखास येतं: "तुना भाऊले बी तठे बलाई ले." मागणी रास्तच असते. पाच-सात एकरांत दोन कुटुंबांचं भागत नाही, धाकट्याचं शिक्षण झालेलं असतं आणि थोरला तिकडे रुळलेला असतो. अडचण कायद्याची आहे. बहुतेक देशांच्या कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अज्ञान मुलं, फार तर आईवडील. सख्ख्या भावंडांसाठी ठळक, वेगळी रांग असलेला मोठा देश अमेरिका, आणि तिथे भारतीयांची रांग आज १९ वर्षं मागे आहे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात तुमच्या तिथे असण्याचे काही गुण भावाला मिळतात, पण मूळ पात्रता त्याची स्वतःची लागते. बाकीच्या देशांत नात्याचा उपयोग जवळपास नाहीच. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं, कारण "पुढच्या वर्षी होईल" या आशेवर इकडे नोकऱ्या नाकारल्या जातात, लग्नं लांबतात, जमिनी विकल्या जातात.

पुढचे आकडे २०२५ चे आहेत. फी आणि उत्पन्नाच्या मर्यादा बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर बघूनच पैसे भरा.

अमेरिका: रांग लांब, पण खरी

अर्ज करणारा अमेरिकेचा नागरिक हवा आणि किमान २१ वर्षांचा हवा. ग्रीन कार्डवर भावंडासाठी अर्ज करता येत नाही. फॉर्म आय-१३०, वर्ग एफ४. फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५. प्रत्येक भावंडासाठी वेगळा अर्ज लागतो, पण भावाच्या एका अर्जात त्याची बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं येतात, अर्ज टाकल्यानंतर जन्मलेलीसुद्धा. भावाचं लग्न आधी झालेलं असो की नंतर होवो, अर्जाला धक्का लागत नाही. चुलत, मामे, मावस, आते भावंडं यात बसत नाहीत, मग ती एकाच वाड्यात वाढलेली का असेनात. वडील एक आणि आया वेगळ्या असतील तर नातं चालतं, मात्र वडिलांच्या दोन्ही लग्नांचा आणि पहिलं लग्न कायद्याने संपल्याचा पुरावा लागतो. दत्तक भावंड असेल तर दत्तकविधान कायदेशीर आणि १६ वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं हवं.

या वर्गाला सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा आहेत आणि कुटुंब व नोकरीच्या व्हिसांत कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर वाटा मिळत नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात भारताच्या एफ४ पुढे एक तारीख असते. २०२५ मध्ये तिथे २००६ मधले अर्ज चालू होते. ही तारीख वर्षाला एक वर्ष पुढे सरकत नाही, त्यामुळे आज अर्ज टाकणाऱ्याने १९ पेक्षा जास्तच वर्षं धरावीत. तरीही अर्ज टाकावाच. आय-१३० सरकारकडे पोचल्याची तारीख हाच तुमचा रांगेतला क्रमांक असतो. नागरिकत्वाची शपथ झाली की त्याच आठवड्यात अर्ज करा. "सावकाश बघू" म्हणून गेलेली पाच वर्षं पुतण्याच्या वयात भर घालतात.

त्या वयाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. मुलाचं वय मोजताना, आय-१३० मंजूर व्हायला जितका काळ लागला तितका त्याच्या वयातून वजा करतात. समजा अर्ज २००६ चा, पुतण्याचा जन्म १९९८ चा आणि तारीख आली २०२५ मध्ये. तो २७ वर्षांचा आहे. अर्ज मंजूर व्हायला ७ वर्षं लागली असतील तर त्याचं वय २० धरतात आणि तो आईवडिलांबरोबर जाऊ शकतो. ५ वर्षांतच मंजूर झाला असेल तर वय २२, आणि तो मागे राहतो. म्हणजे या वर्गात आय-१३० लवकर मंजूर होणं फायद्याचं नाही. घाई करायला कुणाला पैसे देऊ नका. वय बसलं तरी तारीख आल्यापासून एका वर्षाच्या आत त्या मुलाची पुढची फी किंवा फॉर्म भरलेला हवा. आणि त्याचं लग्न झालं की वयाचा प्रश्नच उरत नाही, तो अर्जातून बाहेर. पुतणीचं लग्न ठरवताना हे घरात कुणाला तरी आठवायला हवं.

तारीख जवळ आली की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे येतं. माणशी ३२५ डॉलर व्हिसा फी, प्रायोजकाच्या हमीपत्राचे १२० डॉलर, प्रत्येकाचा डीएस-२६० फॉर्म, मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत आणि त्याआधी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी. या टप्प्यावरच्या सूचना ईमेलवर येतात आणि वर्षभर काहीच उत्तर दिलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. गावाकडे अडतं ते इथे: वीस वर्षांपूर्वी सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच ईमेल टाकून दिलेला असतो, दुकान कधीच बंद झालेलं असतं. अर्जात दोघांचा स्वतःचा ईमेल द्या, पत्ता बदलला की कळवा आणि पावतीची, म्हणजे आय-७९७ ची, प्रत दोन्ही घरांत ठेवा.

हमीपत्र म्हणजे आय-८६४. तुमचं उत्पन्न त्या वर्षीच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं आणि माणसं मोजताना तुमचं घर अधिक येणारं घर असं मोजतात. तुम्ही चौघं, भावाकडचे चौघं, एकूण आठ: २०२५ च्या तक्त्याप्रमाणे सुमारे ६७,६८७ डॉलर. कमी पडलं तर दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहप्रायोजक होऊ शकतो. ही सही हलकी नाही. भाऊ नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत ती तुम्हाला बांधून ठेवते. घरात बायकोशी बोलून मगच करा.

अर्ज करणारा मधेच वारला तर अर्ज सहसा रद्द होतो. मंजूर झालेला असेल तर माणुसकीच्या कारणाने पुन्हा चालू करण्याची विनंती करता येते, पण तो अधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग आहे आणि बदली प्रायोजक लागतो. दोन भावंडं अमेरिकेत नागरिक असतील तर तिसऱ्यासाठी दोघांनीही अर्ज टाकावेत. नियमात बसतं आणि पुढच्या वीस वर्षांचा विमा होतो.

आईवडिलांमार्फतचा रस्ता बऱ्याच घरांत कुणाला सुचतच नाही. नागरिक मुलगा आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो आणि त्याला वार्षिक मर्यादा नाही, त्यामुळे ते काम तुलनेने लवकर होतं. ग्रीन कार्ड मिळालेली आई तिच्या अविवाहित मुलासाठी किंवा मुलीसाठी अर्ज करू शकते. २१ च्या वरच्या अविवाहितांचा हा वर्ग एफ२बी, आणि त्याची रांग २०२५ मध्ये साधारण ९ वर्षं मागे होती. एफ४ च्या निम्मी. पण दोन गोष्टींनी हा रस्ता मोडतो. एक, आई नागरिक होण्याआधी त्या मुलाचं लग्न झालं की अर्ज संपला. आई नागरिक झाल्यावर लग्न झालं तर तो विवाहितांच्या वर्गात जातो, तिथली रांग २०२५ मध्ये १४ वर्षांची. दोन, ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहणं. केळीची लागण झाली, आता काढणी आहे, आता गावात लग्न आहे, असं करत वडील आठ-दहा महिने रावेरलाच राहिले तर विमानतळावर प्रश्न सुरू होतात, आणि री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची आधी काढलेली परवानगी, नसताना वर्ष उलटलं तर कार्ड हातचं जायची वेळ येते. सत्तरीतल्या माणसाला नुसत्या रांगेसाठी शेत आणि गाव सोडायला लावणं बरोबर आहे का, हे प्रत्येक घराने आपलं ठरवावं. माझ्या मते आईवडिलांना मनापासून तिथे राहायचं असेल तरच हा रस्ता धरावा.

कॅनडा

कॅनडात भावासाठी थेट प्रायोजकत्व नाही, दोन अपवाद सोडून. आईवडील दोघंही वारलेले, १८ वर्षांखालचं, अविवाहित भावंड आणता येतं. दुसरं, ज्याला बायको, मूल, आईवडील, आजी-आजोबा यांपैकी प्रायोजित करण्यासारखं कुणीच नाही आणि ज्याचं यांपैकी किंवा भावंड, काका, मामा, भाचा असं कुणी कॅनडात नागरिक किंवा पीआर (कायम राहण्याची परवानगी मिळालेलं) नाही, तो एका नातेवाइकाला बोलावू शकतो. लग्न झालेल्या, आईवडील हयात असलेल्या माणसाला हा नियम लागूच होत नाही, तरी एजंट हाच नियम दाखवून पैसे घेतात.

उरतं एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे वय, शिक्षण, भाषा यांचे गुण लावून पीआरसाठी निवड करण्याची पद्धत. कॅनडात राहणारं, १८ वर्षांवरचं, नागरिक किंवा पीआर असलेलं भावंड असेल तर १५ जादा गुण मिळतात. भावाच्या बायकोचं भावंड असलं तरी चालतं. वर्क परमिटवरचं किंवा शिकायला गेलेलं भावंड चालत नाही. १५ गुण ऐकायला बरे वाटतात, पण वय त्याहून जास्त खातं: एकट्या अर्जदाराला २९ व्या वर्षापर्यंत वयाचे ११०, ३५ व्या वर्षी ७७, ४० व्या वर्षी ५०, ४५ ला शून्य. थेट भारतातून, कॅनडातला अनुभव नसताना अर्ज करणाऱ्याला निवड अवघड झाली आहे. २०२५ मधल्या बहुतेक सोडती कॅनडात आधीच काम केलेले, प्रांतांनी निवडलेले, फ्रेंच येणारे आणि आरोग्य क्षेत्रातले यांच्यासाठी होत्या. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ पासून बंद आहेत. म्हणून भाऊ पंचविशीत असेल आणि अभ्यासाची सवय टिकून असेल तर मी फ्रेंच शिकायला सांगेन. दीड-दोन वर्षं नेटाने करावं लागतं, पण दुसऱ्या कुठल्या गोष्टीने त्याची रांग इतकी बदलत नाही.

इंग्रजीत आयईएलटीएस जनरल द्यायची, अकॅडमिक नव्हे. ही चूक होते आणि फी वाया जाते. लिसनिंग ८, बाकी तिन्हींत ७ आले की वरच्या पायरीचे गुण मिळतात. निकाल दोन वर्षं चालतो. पदवीचं मूल्यांकन डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून करून घ्यायचं असतं आणि ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने स्वतः पाठवायची असते. आपल्याकडे यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. जळगावचं विद्यापीठ १९९० मध्ये सुरू झालं, त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती, म्हणजे मोठ्या भावंडाची कागदं पुण्यात मिळतील. आणि २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं, त्यामुळे जुन्या पदवीवर एक नाव आणि नव्या ट्रान्सक्रिप्टवर दुसरं दिसतं. विद्यापीठ तेच असल्याचं स्पष्ट करणारा कागद सोबत लावलेला बरा.

तुम्ही मॅनिटोबात वर्षभर राहिलेले पीआर किंवा नागरिक असाल तर त्या प्रांताच्या योजनेत भावाचा अर्ज जास्त वजनाचा होतो. तिथे नातेवाईक असणं हाच पात्रतेचा भाग धरतात आणि १०० पैकी ६० गुण पुरतात. मात्र मुलगा तिथेच राहील, टोरंटोला पळणार नाही, हे योजनेच्या कागदात पटवून द्यावं लागतं.

पैसे दाखवताना

कॅनडाच्या कुशल कामगार वर्गात जुलै २०२५ पासून एकट्याला १५,२६३ आणि चौघांना २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. शेतीची किंमत यात धरत नाहीत, घराची नाही, उसने घेतलेले पैसे तर नाहीच. बँकेचं पत्र लेटरहेडवर हवं: खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि चालू कर्जं. शेतकऱ्याच्या खात्यात पैसे वर्षातून दोनदा, एकदम येतात. केळीचं बिल आलं, कापूस विकला. अधिकाऱ्याला ते "कुठून तरी आणून टाकलेले" दिसतात. म्हणून बाजार समितीची किंवा व्यापाऱ्याची पावती, काटापट्टी, सातबाऱ्यावरची पीकनोंद आणि त्याच रकमेची खात्यातली नोंद अशी जोडी लावून द्या. तुम्ही पाठवत असाल तर बक्षीसपत्र करा आणि ते परत मागायचे नाहीत असं त्यात लिहा. पतसंस्थेतली ठेव शक्यतो पुराव्याला लावू नका. मुदतीआधी काढता येते का, यावरून शंका निघते. सहा महिने आधी ती राष्ट्रीयीकृत बँकेत हलवा.

ऑस्ट्रेलिया आणि इतर

ऑस्ट्रेलियाच्या ४९१ व्हिसात कुटुंबाच्या प्रायोजकत्वाचे १५ गुण आहेत आणि त्यात भाऊ-बहीण बसतात. तुम्ही नागरिक किंवा पीआर हवेत आणि सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून ठरवलेल्या भागात राहणारे हवेत. पर्थ, अॅडलेड, गोल्ड कोस्ट, कॅनबेरा चालतात. भाऊ ४५ च्या आतला, त्याचा व्यवसाय यादीत, कौशल्याचं मूल्यांकन झालेलं. किमान ६५ गुण. २८ वर्षांचा अविवाहित इंजिनियर धरा: वयाचे ३०, पदवीचे १५, आयईएलटीएसमध्ये सगळीकडे ७ चे १०, तीन वर्षांच्या अनुभवाचे ५, अविवाहित म्हणून १०, तुमचे १५. झाले ८५. तरी या शाखेतून आमंत्रणं थोडीच निघतात, त्यामुळे राज्याच्या प्रायोजकत्वासाठीही नाव टाकून ठेवावं. व्हिसा पाच वर्षांचा, तीन वर्षं त्या भागात राहून-कमावून पीआरला अर्ज. "रिमेनिंग रिलेटिव्ह" नावाचाही एक व्हिसा आहे, पण त्याची रांग कित्येक दशकांची आहे. त्यावर आशा ठेवू नका.

ब्रिटनमध्ये प्रौढ भावंडाला आणता येतं ते फक्त आजार किंवा अपंगत्वामुळे त्याला रोजची काळजी लागते आणि ती भारतात मिळूच शकत नाही असं सिद्ध झालं तर. फार थोड्यांना जमतं. नोकरीच्या व्हिसाला २२ जुलै २०२५ पासून साधारण ४१,७०० पौंड पगार लागतो, आणि केअर वर्कर म्हणून परदेशातून नव्याने येणं त्याच दिवशी बंद झालं. न्यूझीलंडचा भावंडांचा वर्ग २०१२ मध्येच बंद झाला. जर्मनीत भावंडांना जागा अपवादानेच. १ जून २०२४ पासूनचं चान्सनकार्ट, म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधण्याचं कार्ड, भावाने स्वतःच्या गुणांवर घ्यायचं, महिन्याला १,०९१ युरोंची सोय दाखवून. आखातात भावाची स्वतःची नोकरी हाच रस्ता. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट ईसीआर असतो आणि कामासाठी ठरावीक १८ देशांत जाताना परवानगी लागते. भरती एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदलेल्या एजंटालाही ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. "तुमचा दादा तिथे आहे म्हणून सिबलिंग व्हिसा करून देतो, पाच लाख" असं म्हणणाऱ्याला त्या व्हिसाचा वर्ग आणि फॉर्मचा क्रमांक विचारा. दोन्ही सांगता आले नाहीत तर तिथून उठा.

गावाकडचे कागद

नातं सिद्ध करायचं म्हणजे दोघांच्या जन्म दाखल्यांवर निदान एक पालक सारखा दिसायला हवा. हे इतकं सोपं, आणि खान्देशातली सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच अडकतात. थोरल्याच्या दाखल्यावर आई "सुमनबाई", धाकट्याच्या दाखल्यावर "सुमन", लग्नाआधीच्या कागदावर वेगळंच नाव. एक भाऊ शाळेत "पाटील" लागला, दुसऱ्याच्या गुरुजींनी मूळ आडनाव लिहिलं. जन्मतारीख शाळेत १ जून, ग्रामपंचायतीच्या नोंदीत नोव्हेंबर. परदेशातल्या अधिकाऱ्यासमोर ही दोन वेगळी माणसं असतात.

अर्ज करण्याआधी एका वहीवर रकाने आखा: प्रत्येक भावंड, आई, वडील, आणि प्रत्येक कागदावरचं नाव, आडनाव, तारीख जशीच्या तशी उतरवा. फरक कुठे आहे ते तासाभरात दिसतं. नावातला फरक राज्याच्या राजपत्रातून आणि "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" अशा प्रतिज्ञापत्राने भरून निघतो. जन्मनोंदच नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आधी घ्या. एका वर्षाच्या पुढची उशिरा नोंद करायला २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पण अर्जाच्या आदल्या महिन्यात केलेली नवी नोंद एकटी पुरत नाही, सोबत जुना पुरावा हवा. जिल्हा परिषद शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, सगळ्या मुलांची नावं असलेलं जुनं रेशन कार्ड, आणि वडील वारले असतील तर तलाठ्याकडची वारस नोंद आणि फेरफार. त्या फेरफारात सगळी भावंडं एकाच ओळीत, वडिलांचे वारस म्हणून येतात. सरकारी, जुना, आणि व्हिसासाठी बनवलेला नाही हे उघड दिसणारा असा दुसरा कागद सापडणं कठीण. एवढं करूनही शंका उरली तर अमेरिकेची वकिलात डीएनए चाचणी सुचवते. ती त्यांनी सांगितलेल्या लॅबमार्फतच करायची.

मराठी कागदांचं भाषांतर घरातल्या कुणी करू नये. कॅनडा ते मान्यच करत नाही. अमेरिकेला भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे असं लिहून सही केलेली पुरते.

तोवर भेटीला येणं

एफ४ चा अर्ज पडलेला असताना भावाला अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा मिळू शकतो, पण त्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये "तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केला आहे का" हा प्रश्न असतो आणि तिथे "हो" च लिहायचं. अर्जाची नोंद त्यांच्याकडे असतेच. "नाही" लिहिलं तर खोटी माहिती म्हणून कायमची बंदी येऊ शकते, आणि मग रांगेतली वीस वर्षंही जातात. मुलाखतीत परतण्याची कारणं सांगायची: बायको-मुलं इथे आहेत, दुकान किंवा नोकरी आहे, मुलाची दहावी आहे, भाचीच्या लग्नाला तीन आठवडे जाऊन येतो. सातबारा आणि पगारपत्रक जवळ ठेवा, पण मागितल्याशिवाय पुढे करू नका. नाकारलं तर नव्याने काही सांगण्यासारखं घडेपर्यंत लगेच दुसरा अर्ज करू नका.